रूम टोनचं एक मिनिट

शो सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि पहिल्या रांगेत पदीबाय येऊन बसली.

हिरवं नवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, मांडीवर रुमालात बांधलेलं काहीतरी. तिच्याबरोबर तळवली गावातल्या आठ-दहा बायका. कलामंडळाचे सेक्रेटरी साने त्यांना हात जोडून खुर्च्यांवर बसवत होते. वाशीतल्या एका शाळेचा हॉल होता. मी सगळ्यांच्या मागे, दोन बाकं जोडून केलेल्या टेबलाशी उभा होतो. टेबलावर तीन टेपरेकॉर्डर. त्यातल्या एकावर पाच फूट टेप गोल जोडून चढवलेली. त्या पाच फुटांत पदीबायचा आवाज होता आणि तो या बायकांच्या कानावर पडायला नको होता. ही गोष्ट त्या हॉलमध्ये एकट्या मला माहीत होती.

मी साऊंडचा माणूस. लोकांना वाटतं, साऊंडवाला म्हणजे माइकवर फुंकर मारून ‘हॅलो हॅलो’ करणारा. तेही केलंय. पण तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या थोडं पुढे-मागे, मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनियर होतो. बिघडलेले अँप्लिफायर आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, हे पोटाचं काम. आणि संध्याकाळी आणि रविवारी आमचा तिघांचा ग्रुप. त्याचं नाव ‘थ्री फेज’. नाव मीच दिलं होतं. कारखान्यात मोठी मोटर तीन वायरींवर चालते, एक गेली की मोटर जळते. आम्हीही तिघंच होतो.

शरयू आवाज. ती बारा वर्षं शास्त्रीय गाणं शिकली होती, मग एक दिवस तिने बंदिशी सोडल्या आणि नुसता श्वास, हुंकार, एकच स्वर लांबवणं असं सुरू केलं. केदार हालचाल. त्याला ‘नाच’ म्हटलेलं चालायचं नाही. घरगुती सिनेमे काढायचा सुपर एट कॅमेराही त्याच्याकडेच होता. तो फिल्म काढायचा, ती चादरीवर दाखवायची आणि तिच्यासमोर तो स्वतः हलायचा. आणि मी इलेक्ट्रॉनिक्स. भंगारातून उभी केलेली दोन मशीनं, एक बरं मशीन, आणि सोल्डरिंगचा वास. आमच्या प्रयोगाला पंधरा माणसं यायची. त्यातली सहा आमच्या घरची. माझी बायको म्हणायची, “आपल्या घरातला मिक्सर बिघडलाय, तोच का नाही वाजवत तिथे?”

अशा ग्रुपला सानेंनी बोलावलं, हेच नवल होतं. साने बँकेत ऑफिसर. वाशीतल्या नव्या सोसायट्यांचं कलामंडळ ते चालवत. मंडळाच्या वर्धापनदिनाला त्यांना ‘काहीतरी वेगळं’ हवं होतं.

“पाटील, मॉडर्न करा, माझं काही म्हणणं नाही,” साने म्हणाले. “पण जरा लोकल टच द्या. आपण इथे राहायला आलो, तर इथली माणसं दिसली पाहिजेत.”

“कुठली माणसं?”

“गावातली हो. ज्यांच्या शेतांवर आपल्या सोसायट्या आहेत ती.”

लोकल टच कुठून आणायचा, हा प्रश्न मीच सोडवला. माझं आजोळ उरणकडचं. आगरी लग्नं मी लहानपणापासून पाहिलेली. त्या लग्नांत धवला म्हणतात. हळद, मांडव, तांदूळ, प्रत्येक विधीचं आपलं गाणं असतं आणि ते म्हणणारी जाणती बाई असते. तिला धवलारीण म्हणतात. भटजी आला तरी जुन्या बायकांच्या मते लग्न लागतं ते धवलारिणीच्या तोंडून. तिच्याकडे काही पोथी नसते. सगळं पाठ. आणि एक कडवं सुटलं तर तेवढं लग्न अपुरं, असं मानणारी माणसं तेव्हा गावोगाव होती.

आमच्या कंपनीतला एक फिटर तळवलीचा. त्याने आम्हा तिघांना पदीबायचं घर दाखवलं. कौलारू घर, पुढे शेणाने सारवलेली ओटी, आणि हाकेच्या अंतरावर रस्ता. तो रस्ता आता तुम्हाला माहीत आहे. तेव्हाही त्यावर ट्रकांची घरघर असायचीच. पदीबाय सत्तरीची असेल. तिची सून रंजना दारातच तांदूळ पाखडत बसली होती.

मी काय हवंय ते सांगितलं. पदीबायने विचारलं, “कोनाचं लगीन हाय?”

“कोणाचं नाही. नुसतं टेपवर घ्यायचंय.”

“मंग कसा बोलू? रिकाम्या मांडवान धवला बोलत नाय.”

शरयू आणि केदार माझ्या तोंडाकडे बघायला लागले. त्यांना ती बोली अर्धीच कळायची. पदीबायने मला विचारलं, “तू कुठला र?”

“आजोळ उरणचं.”

“कोनाकरचा?”

मी आजोबांचं नाव सांगितलं. ती त्यांना ओळखत नव्हती, पण गाव ओळखत होती. त्या गावात तिने दोन लग्नं लावली होती. तिने रंजनाला हाक मारून पितळी ताट आणायला सांगितलं. ताटात तांदूळ पसरले, त्यावर दोन सुपाऱ्या ठेवल्या, दोन्हींना हळद लावली. मग मला म्हणाली, “ही नवरी. यो नवरा. आता रिकामा नाय.” आणि मांडी घालून बसली.

चाळीस मिनिटं ती गायली. मी हेडफोन लावून रेकॉर्डर सांभाळत होतो. बॅटरीवर चालणारं मशीन, वर दोन रिळं. एका रिळावरची टेप दुसऱ्यावर जाते, मधे हेड असतं, ते आवाज टेपवर उतरवतं. बाकी काही जादू नाही. पाच-दहा मिनिटांनी शरयू आणि केदार बाहेर गेले, केदारला उजेड असताना मिठागरांचं शूटिंग करायचं होतं. मी, पदीबाय आणि रंजना उरलो.

गाणं संपलं. आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण सगळं तिच्यावर अडलंय. टेप कापून जोडताना मधे कुठे आवाज काढून टाकला की तिथे एकदम पोकळी ऐकू येते. बहिरं झाल्यासारखं वाटतं. कारण कुठलीही खोली खरं तर गप्प नसते. पंखा असतो, चिमण्या असतात, लांबचा ट्रक असतो. म्हणून काम संपल्यावर रेकॉर्डिस्ट खोलीतली ती शांतता एक मिनिट टेपवर घेऊन ठेवतो आणि मागाहून पोकळीत भरतो. त्याला रूम टोन म्हणतात. नियम असा की आधी मोठ्याने सांगायचं, ‘रूम टोन घेतोय, मशीन चालू आहे, कोणी बोलू नका.’ पहिल्याच आठवड्यात शिकवतात हे.

मी सांगितलं नाही. कंटाळा केला. रूम टोन म्हणजे काय ते समजावत बसायला लागलं असतं. मी हेडफोन काढून गळ्यात अडकवले, माइक सतरंजीवर ठेवला आणि मशीन तसंच फिरू दिलं. बघणाऱ्याला वाटावं, काम संपलं. पदीबायला तसंच वाटलं. रंजनाने तिला तांब्या दिला. ती पाणी प्यायली आणि खालच्या आवाजात सुनेशी बोलायला लागली.

“रंजे, मना आता सगला येत नाय गो. मदीच इसरतंय. मंग माज्या मनचं घालतंय न फुडं जातंय. कोनला कलत नाय.”

रंजना माझ्याकडे बघून म्हणाली, “आय, हलू बोल.”

“ऱ्हाऊ दे. यो त आपलाच मानूस हाय.”

मला सगळं समजलं. तिला धवला आता पूर्ण आठवत नव्हता, मधे विसरायला व्हायचं, तिथे ती स्वतःचं रचून पुढे जायची. आणि हे आजवर तिने कोणाला सांगितलं नव्हतं. मी त्याच वेळी बटण दाबून मशीन थांबवायला हवं होतं. निदान सांगायला हवं होतं. पण गळ्यातल्या हेडफोनमधून तो आवाज मला बारीक ऐकू येत होता. गातानाचा तिचा आवाज चढा आणि ताठ होता. हा दमलेला होता, खरखरीत, अगदी जवळचा. असा आवाज साऊंडवाल्याला वर्षानुवर्षं मिळत नाही. मी रीळ बघत बसलो. मिनिट पूर्ण झालं तेव्हाच थांबवलं.

घरी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर एडिटिंग चालायचं. ब्लेडने टेप तिरकी कापायची, दोन टोकं भिडवायची, वरून चिकटपट्टी लावायची. त्या एका मिनिटातलं बोलणं मी कापून काढलं. ‘आपलाच माणूस’वालं वाक्य त्यात येत होतं. ते मी वेगळं केलं आणि केराच्या टोपलीत टाकलं. उरलेल्या आठ सेकंदांच्या तुकड्याची दोन टोकं एकमेकांना जोडली की लूप होतो. तेच ते बोलणं पुन्हा पुन्हा फिरत राहतं.

शरयूने ऐकलं आणि ती चहा ठेवून उठून उभीच राहिली. “हे काय आहे? काय आवाज लागलाय. काय म्हणतायत त्या?”

“काही नाही. म्हातारपणाचं बोलतेय.”

“म्हणजे?”

“विसरायला होतं, म्हणतेय.”

“ह्यावर मी गाणार,” शरयू म्हणाली. “बाकीचा धवला राहू दे. हेच घ्यायचं.”

मी खोटं बोललो नव्हतो. अर्धंच बोललो होतो आणि अर्धं बोलणं मला त्या वेळी फार सोयीचं वाटलं. मनाला समजावलं की प्रेक्षक मुंबईचे आणि वाशीच्या फ्लॅटमधले. त्यांना ही बोली कुठे कळतेय. कानडी बोलली असती तरी त्यांना तेच.

त्यामुळे त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत लुगडी दिसली तेव्हा मी टेबल सोडून निघालो. मी सानेंना गाठलं.

“ह्यांना कोणी बोलावलं?”

“मी. टेम्पो पाठवला होता. तुम्हाला सरप्राईज.” साने खूश होते. “त्या आजीबाईंचा आवाज आहे ना प्रोग्रॅममध्ये? मग त्यांनी ऐकायला नको?”

“मला आधी विचारायचं होतं.”

“अहो, लोकल टच तुमचाच ना?”

मी टेबलाशी परत आलो. पदीबायने मागे वळून मला शोधलं आणि हात वर केला. मीही केला.

लूप तिसऱ्या भागात होता, शो सुरू झाल्यावर एकोणिसाव्या मिनिटाला. मूळ रीळ माझ्या पिशवीत होतं. धवल्यातली एखादी ओळ कापून दुसरा लूप जोडायला चार मिनिटं लागतात. हे मी नंतर घड्याळ लावून पाहिलंय, एकदा नाही, अनेकदा. माझ्या हातात दहा होती. मग का नाही केलं? मी स्वतःला जी कारणं दिली ती सगळी धंद्यातली होती. शरयूने स्वर त्या लूपशी जुळवले होते. केदारची पावलं त्या आठ सेकंदांवर मोजलेली होती. दोघंही पडद्यामागे, शेवटच्या क्षणी त्यांना काय सांगणार. ही कारणं खरी होती. पण त्यांच्याखाली आणखी एक होतं. तो लूप त्या प्रयोगातलं सगळ्यात चांगलं काम होतं आणि ते माझं होतं. तोवर माझ्या कामासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती.

मी लूप काढला नाही. फक्त एक नॉब फिरवला.

तो डिलेचा नॉब. उरलेल्या दोन मशीनमधून एकच टेप जायची. पहिलं मशीन आवाज उतरवून घ्यायचं, दुसरं तोच आवाज थोड्या वेळाने वाजवायचं, विहिरीत हाक मारल्यासारखा. ठरलं असं होतं की लूप आधी एकदा स्वच्छ ऐकवायचा आणि मग डिले चढवायचा. मी डिले सुरुवातीपासूनच चढवून ठेवला. वाटलं, शब्दांवर शब्द चढतील, गोंधळ होईल, कोणाला अर्थ लागणार नाही. एवढी सोय करून मी निश्चिंत झालो. स्वतःच्या हुशारीचं थोडं कौतुकही वाटलं. ते आठवलं की आजही कान तापतात.

पहिले दोन भाग बरे गेले. चादरीवर मिठागरं आली, डोक्यावर टोपल्या घेऊन चाललेल्या बायका आल्या. पहिल्या रांगेत कुजबुज झाली, “ती बग, आपली बनी.” केदार चादरीसमोर वाकून चालत होता, त्याची सावली त्या बायकांमधून जात होती. गावातल्या बायका हसल्या, पण चांगलं हसल्या. मग दिवे आणखी मंद झाले आणि मी लूप सुरू केला.

पहिला फेरा गेला, दुसरा गेला. शरयू डोळे मिटून स्वर लावत होती. तिसऱ्या की चौथ्या फेऱ्याला पहिल्या रांगेतलं एक डोकं वळलं. “आपली पदीबाय ना गो ही?” त्या बायकांना आनंद झाला. एकीने पदीबायच्या पाठीवर थाप मारली. पदीबायने मान वर केली. मला तिचा चेहरा अर्धा दिसत होता. ती हसत होती. आपण गायलेला धवला आता येणार म्हणून ती कान देऊन ऐकत होती.

डिलेने काही झाकलं नाही. मुंबईच्या माणसाला तो नुसता आवाज होता. पण जी आपली रोजची बोली आहे, ती दहा भांड्यांच्या खणखणाटातही कळते. हे मला, साऊंडच्या माणसाला, कळायला हवं होतं. आजोळ उरणचं म्हणून तरी कळायला हवं होतं.

हळूहळू रांग गप्प झाली. मग एक तरुण बाई पदीबायकडे वाकली आणि काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. पदीबायने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, गजरा झाकला गेला, आणि ती तशीच बसून राहिली.

लूप सहा मिनिटं चालायचा होता. आठ सेकंदांचा एक फेरा, म्हणजे पंचेचाळीस वेळा. आवाज कमी करायचा फेडर माझ्या बोटाखाली होता. खाली ओढायला एक सेकंद लागतो. मी ओढला नाही. शरयूचा स्वर मोडेल, अशी भीती मला त्या वेळीही वाटत होती. पंचेचाळीसच्या पंचेचाळीस वेळा ते वाजलं. ‘मना आता सगला येत नाय गो.’

तो भाग संपल्यावर त्या बायका उठल्या आणि बाजूच्या दाराने गेल्या. कोणी भांडलं नाही. बाकी हॉलने शेवटी टाळ्या वाजवल्या, चांगल्या भरपूर. साने धावत आले. “पाटील, त्या आजीबाईंचा आवाज काय लागलाय. अंगावर काटा आला.” मी मान हलवली. पहिल्या रांगेत खुर्चीवर पदीबायची रुमालातली पुरचुंडी राहिली होती. मी ती सोडून पाहिली. तांदूळ आणि त्यात हळद लावलेल्या दोन सुपाऱ्या. बहुतेक आम्हाला द्यायला आणल्या होत्या. तिघांनी आशीर्वाद घ्यावा म्हणून.

शरयू घाम पुसत आली. “त्या सगळ्या मधूनच का गेल्या? आवडलं नाही का?”

मी तिला सांगितलं. सगळं. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा उतरत गेला.

“तुला तेव्हाच कळलं होतं?”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू काढायला लावलं असतंस.”

“हो,” शरयू म्हणाली. “लावलं असतं.”

तिने तो प्रयोग पुन्हा केला नाही. माझ्याबरोबर आणखी दोन केले, मग ‘थ्री फेज’ संपलं. केदार म्हणायचा की ग्रुप असेच संपतात, त्याचं काय एवढं.

पुढच्या रविवारी मी तळवलीला गेलो. बरोबर रेकॉर्डर, मूळ रीळ आणि ती पुरचुंडी. रंजना दारात होती. तिने मला आत बोलावलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. तिथेच उभं राहून सांगितलं. मागच्या पाच-सहा वर्षांत पदीबायने लावलेल्या लग्नांतल्या तीन मुली येऊन गेल्या होत्या. त्यांना एवढंच विचारायचं होतं की आमच्या लग्नात सगळा धवला बोललीस की तुझ्या मनचा? एकीला मूल होत नव्हतं. ती ओटीवर बसून रडली. आणि घणसोलीचं एक लग्न पुढच्याच आठवड्यात होतं, हळदीपासून पदीबायला सांगून ठेवलेलं. नवरीचा बाप आला, बसला, चहा प्यायला, आणि “बाय, तू आता आराम कर” म्हणून गेला. दुसऱ्या गावची धवलारीण ठरली होती.

“आयला मी जेवाला बोलावतंय त येत नाय,” रंजना म्हणाली. “तुमी कनाला आलाव आता?”

आतून पदीबायचा आवाज आला, “येऊ दे त्याला.”

ती त्याच जागी बसली होती, जिथे गायला बसली होती. मी खाली बसलो. माफी मागायची म्हणून वाक्यं तयार करून आणली होती. पहिलं सुरू करायच्या आत तिने विचारलं, “तू आपल्याकरचा. तुला कललं व्हतं ना, मी काय बोल्ली ता?”

“हो.”

“तवाच?”

“तेव्हाच.”

“मंग?”

मी रेकॉर्डर काढून आमच्या मधे ठेवला. ती त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, “त्या डब्यातला पूस.”

“ते बोलणं पुसतो. धवला राहू दे. चाळीस मिनिटांचा आहे, असा कोणाकडे नाही.”

“नको. त्यात माज्या मनचं हाय. उद्या कोन त्याच्यावरशी शिकंल, न तोच बोलंल लग्नान. सगला पूस.”

टेप पुसणं म्हणजे काय, तर तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग करायचं, पण माइकचा आवाज शून्यावर ठेवून. जितका वेळ भरायला लागला तितकाच पुसायला लागतो. मी माइकची वायर काढून तिच्या हातात दिली, म्हणजे तिला खात्री पटावी. मशीनवरची सुई दाखवली. “ही आडवी आहे ना? म्हणजे आत काही जात नाही. तुम्ही बोललात तरी जाणार नाही.”

तिने मान डोलावली. मी बटण दाबलं. रिळं फिरायला लागली.

चाळीस मिनिटं आम्ही समोरासमोर बसलो आणि पदीबाय एक अक्षर बोलली नाही. रंजनाने आतून काहीतरी विचारलं, तर तिने नुसता हात हलवून ‘गप’ केलं. मधे खोकला आला, तो तिने पदरात तोंड खुपसून दाबला. डोळे त्या सुईवर. बाहेर ट्रक जात होते. मी मुंबईतले मोठमोठे स्टुडिओ नंतर पाहिले, पण इतकी कडक शांतता कुठे अनुभवली नाही. माझ्या आयुष्यात मी घेतलेला सगळ्यात लांब रूम टोन तो. आणि तोही टेपवर उतरला नाही.

टेपचं शेवटचं टोक सुटलं आणि रिकामं रीळ फटफट करायला लागलं. मी बंद केलं. “झालं,” म्हटलं.

ती तरी बोलेना. मी मशीनचं झाकण लावलं, खटके दाबले, पट्टा गुंडाळला. तेव्हा तिने सुनेला हाक मारली, “रंजे, पानी आन.”

निघताना मी पुरचुंडी पुढे केली. तिने उघडून पाहिली. सुपाऱ्यांवरची हळद सुकून काळपट झाली होती. “ऱ्हाऊ दे तुज्याकरं,” ती म्हणाली. “ह्यांचं लगीन पन अपुराच हाय.”

घरी आलो तर लूप टेबलाजवळच्या खिळ्याला टांगलेला. घाईत तो मी विसरूनच गेलो होतो. तिचा सगळा धवला मी पुसून आलो होतो, आणि जे मुळात पुसायचं होतं ते भिंतीवर लोंबत होतं. तिच्या आवाजाचं जगात तेवढंच उरलं होतं. त्या क्षणीही हात अडखळला, हे लिहायला हवं. मग मशीनवर चढवला आणि पुसला. आठ सेकंदं लागली.

पदीबायला नंतर कोणी लग्नाला बोलावलं नाही. हे मला आमच्या फिटरने सांगितलं, वर्षभराने, डबा खाताना. ती लग्नांना जायची, पण इतर बायकांसारखी मांडवाच्या कडेला बसायची. दुसरी धवलारीण बोलायला लागली की तिचे ओठ हलत, असंही तो म्हणाला. तिने रचलेली कडवी चांगली होती की वाईट, हे मी कधी पडताळलं नाही आणि आता पडताळता येणार नाही. मी ती ऐकली तेव्हा मला आवाजाची पातळी सोडून दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

पुढची पंचवीस वर्षं मी रेकॉर्डिंगचंच काम केलं. प्रत्येक कामाला मशीन सुरू करताना मोठ्याने सांगायचो, ‘चालू आहे’, आणि थांबवल्यावर सांगायचो, ‘बंद केलंय, आता बोला’. मोठमोठे गायक हसायचे. एका म्युझिक डायरेक्टरने तर मला त्यावरून ‘स्टेशन मास्तर’ नाव ठेवलं होतं. मी हसून सोडून द्यायचो. नव्या मुलांनाही हेच शिकवलं, आणि का ते कधी सांगितलं नाही.

शिकवताना एवढंच म्हणायचो की मशीनला ऐकू येतं, पण कळत नाही, म्हणून शेजारी माणूस बसवतात. त्या दिवशी तळवलीला शेजारी मी बसलो होतो, आणि मला कळत होतं.